मालेगाव लोकसभा, १९५७ ते २००४: निकालांचा तक्ता, आणि तो दिंडोरीला जोडायचा की नाही

कसमादेकर

मालेगाव लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत संपला. तेव्हापासून जिकडेतिकडे एकच वाक्य फिरतंय, "मालेगावचं नाव बदलून दिंडोरी झालं." तक्तेही तसेच लावलेले असतात: वर मालेगावचे खासदार, खाली दिंडोरीचे, मध्ये एक रेघसुद्धा नाही. हे चूक आहे असं माझं म्हणणं. त्यावर बोलायच्या आधी यादी एका जागी असावी म्हणून देतो.

१९५७ यादव नारायण जाधव, प्रजा समाजवादी
१९६२ माधवराव लक्ष्मणराव जाधव, काँग्रेस
१९६७ झामरू मंगळू कहांडोळे, काँग्रेस
१९७१ कहांडोळे, काँग्रेस
१९७७ हरिभाऊ शंकर महाले, जनता पक्ष
१९८० कहांडोळे, काँग्रेस (आय)
१९८४ सीताराम सयाजी भोये, काँग्रेस
१९८९ महाले, जनता दल
१९९१ कहांडोळे, काँग्रेस
१९९६ कचरू भाऊ राऊत, भाजप
१९९८ कहांडोळे, काँग्रेस
१९९९ महाले, जनता दल (सेक्युलर)
२००४ हरिश्चंद्र देवराम चव्हाण, भाजप

पहिले दोन जाधव वेगवेगळे आहेत, पक्षही वेगळे. अनेक ठिकाणी आडनाव पाहून एकच माणूस दोनदा निवडून आल्याचं लिहिलेलं सापडतं. १९५२ ला मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या यादीत आपल्या बाजूला 'नाशिक मध्य' आहे, तिथून गोविंद हरी देशपांडे आले होते.

आकडेमोड

यादी बरोबर. पण एक रकाना कमी आहे आणि तोच महत्त्वाचा: त्या वर्षी सीमा कोणत्या परिसीमन आदेशाच्या (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आदेश) होत्या.

१९५७ ची निवडणूक १९५६ च्या आदेशावर झाली, १९६२ ची १९६१ च्या. १९६७ आणि १९७१ या दोन १९६६ च्या आदेशावर. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या नऊ निवडणुका १९७६ च्या एकाच आदेशावर. म्हणजे कहांडोळे १९७१ ला जिथून निवडून आले आणि १९८० ला जिथून आले, तो नकाशा एकच आहे असं गृहीत धरता येत नाही. नाव एक, आत येणारी गावं वेगळी असू शकतात.

म्हणून मतांची टक्केवारी वर्षावर्षाची ताडायची तर १९७७ ते २००४ हाच तुकडा घ्या. तिथे जमीन तीच आहे. त्याआधीचे आकडे माहिती म्हणून ठेवा, आलेखात जोडू नका.

त्या तुकड्यातही एक खड्डा आहे. १९८४ पर्यंत मतदाराचं वय २१ होतं, १९८९ ला १८ झालं. १९८९ ला नोंदणी एकदम फुगलेली दिसते, ती लोकसंख्यावाढ नव्हे. महाले १९८९ ला परत आले ते वाढलेल्या मतदारांमुळे, असा निष्कर्ष काही जण काढतात. देशभर ती वाढ झाली होती, एका मतदारसंघाचा कौल त्यातून समजावता येत नाही.

पंचवटी_कारंजा

एवढा कीस काढायचं कारण कळलं नाही. चव्हाण २००४ ला मालेगावातून आले, २००९ आणि २०१४ ला दिंडोरीतून. माणूस तोच, पक्ष तोच, अनुसूचित जमातीची राखीव जागाही तीच. सामान्य वाचकासाठी दिंडोरी म्हणजे जुनं मालेगावच की.

कसमादेकर

माणूस तोच म्हणून मतदारसंघ तोच होत नाही. २००८ च्या आदेशातल्या विधानसभा पाहा.

दिंडोरी लोकसभा, क्रमांक २०: नांदगाव ११३, कळवण ११७, चांदवड ११८, येवला ११९, निफाड १२१, दिंडोरी १२२.
धुळे लोकसभा, क्रमांक २: धुळे ग्रामीण ६, धुळे शहर ७, शिंदखेडा ८, मालेगाव मध्य ११४, मालेगाव बाह्य ११५, बागलाण ११६.

ज्या शहराचं नाव मतदारसंघाला होतं ते शहर दिंडोरीत नाहीच. ते धुळ्यात गेलं, सटाण्यासकट (बागलाण म्हणजेच सटाणा). उलट निफाड नाशिक लोकसभेतून दिंडोरीत आलं. दिंडोरीच्या सहा विधानसभांपैकी अनुसूचित जमातीसाठी राखीव दोनच, कळवण आणि दिंडोरी. उरलेल्या चार सर्वसाधारण. सुरगाणा ही स्वतंत्र विधानसभा होती ती मोडली, तालुका कळवणला जोडला. पेठ तालुका दिंडोरी विधानसभेत आहे.

कसमादे पट्ट्याचंच बघा. कळवण आणि देवळा दिंडोरीत, सटाणा आणि मालेगाव धुळ्यात. एका पाण्याच्या प्रश्नासाठी दोन खासदारांकडे जावं लागतं.

राखीव जागेचं म्हणाल तर महाराष्ट्रात आधी जमातीच्या चार लोकसभा होत्या: नंदुरबार, धुळे, मालेगाव, डहाणू. आता नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर. संख्या चारच राहिली. धुळे खुलं झालं, गडचिरोलीकडे नवी जागा गेली. त्यामुळे 'मालेगावची जागा दिंडोरीला दिली' असं म्हणण्यापेक्षा २००१ च्या जनगणनेवर पुन्हा मांडणी झाली आणि जमातीचं प्रमाण जिथे जास्त भरलं तिथे आरक्षण पडलं, हे बरोबर.

मोसमकाठ

मालेगाव लोकसभेचं खरं वैशिष्ट्य कुणी मांडत नाही. १९६७ नंतरचा प्रत्येक उमेदवार आदिवासी, पण मतांचा मोठा गठ्ठा मालेगाव शहरात, यंत्रमागवाल्या वस्तीत. शहरातल्या नेत्याला स्वतःच्या गावाच्या नावाच्या लोकसभेला उभंच राहता येत नव्हतं. निहाल अहमद १९७८ पासून १९९९ पर्यंत मालेगावचे आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले, पण लोकसभेला ते फक्त मतं फिरवू शकत होते, स्वतः अर्ज भरू शकत नव्हते.

हरिभाऊ महाल्यांचे तिन्ही विजय या नजरेने वाचा. १९७७ जनता, १९८९ जनता दल, १९९९ जनता दल सेक्युलर. निहालभाई ज्या समाजवादी प्रवाहात होते तोच हा प्रवाह. डोंगराकडची मतं महाल्यांची स्वतःची, शहरातली पक्षाची. दोन्ही जुळली की काँग्रेस पडायची. शहरातली मतं काँग्रेसकडे वळली की कहांडोळे. त्यामुळे १९७७ नंतर कहांडोळे–महाले असा झोका दिसतो. याला नुसती 'लाट' म्हणून सोडून देणं आळशीपणा आहे.

१९९९ चा निकाल तर देशाच्या हिशोबात वेगळा आहे. त्या सार्वत्रिक निवडणुकीत जनता दल सेक्युलरचा देशभरात एकच खासदार निवडून आला आणि तो मालेगावचा. देवेगौडांचा पक्ष, पण कर्नाटकातून शून्य. गौडा स्वतः नंतर २००२ च्या पोटनिवडणुकीत कनकपुऱ्यातून लोकसभेत आले.

पंचवटी_कारंजा

हे माहीत नव्हतं. पण त्याच वर्षी, १९९९ लाच, निहालभाई विधानसभेला पडले ना?

मोसमकाठ

हो, काँग्रेसच्या शेख रशीद यांनी पाडलं. लोकसभा आणि विधानसभा महाराष्ट्रात त्या वर्षी एकत्रच झाल्या होत्या, तरी लोकसभेला महाले आले. म्हणून 'शहराने एकगठ्ठा दिलं' हे वाक्यही जपून वापरा. विभागवार आकडे बघितल्याशिवाय ते टिकत नाही. १९९९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले होते, ती फूटही हिशोबात धरायला हवी.

आकडेमोड

पक्षांच्या नावांवर थोडं. निवडणूक आयोगाच्या जुन्या सांख्यिकी अहवालांत नावं जशीच्या तशी उचलली तर तक्ता हमखास बिघडतो.

१९५७: 'संयुक्त महाराष्ट्र समिती' हा पक्ष अहवालात सापडणार नाही. समितीत असलेले पक्ष आपापल्या नावाने आहेत. मालेगावचे जाधव प्रजा समाजवादी म्हणून, नाशिकचे दादासाहेब गायकवाड शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन म्हणून. दादासाहेबांचं नावही 'भाऊराव कृष्णराव' असं आहे, 'दादासाहेब' शोधून काही मिळणार नाही.

१९७७: जनता पक्षाला स्वतःची मान्यता नव्हती, उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले. अहवालात महाले 'बीएलडी' आहेत. यावरून महाले चरणसिंगांच्या पक्षात होते असं लिहू नका.

१९८०: इंदिरा काँग्रेस 'आयएनसी(आय)' म्हणून येते, दुसरी काँग्रेस 'आयएनसी(यू)'. दोन्हींना एका रंगात रंगवलं तर मतं दुप्पट दिसतील.

कहांडोळ्यांचं इंग्रजी स्पेलिंग अहवालागणिक बदलतं, कुठे आडनाव आधी, कुठे नंतर. नुसतं आडनावाचं पहिलं अक्षर-दोन अक्षरं टाकून शोधा. नाशिक जुन्या खंडांत 'नासिक' आहे, धुळे 'धुलिया'. मालेगाव नावाचा एक तालुका वाशिम जिल्ह्यात आहे, दिंडोरी नावाचा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशात आहे आणि तिथली विधानसभाही दिंडोरीच. शोधयंत्रातून आलेल्या आकड्यांचं राज्य आधी बघून घ्या.

नवीन_नाशिक

मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी हे सगळं पहिल्यापासून लावायचं आहे. कुठून सुरुवात करू? नेटवरच्या तयार तक्त्यांवर अवलंबून राहू नका असं मॅडमनी सांगितलंय.

आकडेमोड

मॅडमचं ऐका. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा आयोगाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक लोकसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल उतरवा. जुने अहवाल दोन खंडांत आहेत. पहिल्यात राज्यवार गोषवारा आणि प्रत्येक उमेदवाराची मतं, दुसऱ्यात मतदारसंघवार आकड्यांचा गोषवारा. आपल्याला दोन्ही खंड लागतात. त्यांत मिळून एकूण मतदार, झालेलं मतदान, बाद मतं, वैध मतं आणि प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. ही पाचही एक्सेलमध्ये उतरवा. नुसता विजेता आणि फरक उतरवलात तर पुढे काहीच करता येत नाही.

उतरवल्यावर लगेच बेरीज करा. सर्व उमेदवारांची मतं मिळून वैध मतं व्हायला हवीत. वैध अधिक बाद म्हणजे झालेलं मतदान. जुळलं नाही तर बहुधा स्कॅनमधला ३ आणि ८ किंवा १ आणि ७ चा गोंधळ असतो. अनुमानाने आकडा बदलू नका, लोकसभेच्या सदस्य-परिचयातून विजेता आणि पक्ष ताडा, आकडा त्या काळच्या वृत्तपत्रांतून ताडा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांसाठी चौकशी करा. मतमोजणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा अंक बघा, पहिल्या दिवशीच्या अंकात फेऱ्या अपुऱ्या असतात.

टक्केवारीचा भाजक लिहून ठेवा. अहवालात काही ठिकाणी एकूण मतदारांवर टक्केवारी असते, काही ठिकाणी झालेल्या मतदानावर. २०१४ पासून 'नोटा' आला. अनामत वाचण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, नोटा त्या वैध मतांत धरत नाहीत.

उमेदवारांच्या संख्येवरून चुरस मोजू नका. १९९६ पर्यंत अनामत ५०० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातीसाठी २५०. त्या निवडणुकीनंतर ती १०,००० आणि ५,००० झाली. १९९८ ला सगळीकडेच उमेदवार घटले ते त्यामुळे.

आणि पोटनिवडणूक वेगळी शोधावी लागते. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात ती नसते. शेजारच्या नाशिकचं उदाहरण घ्या: १९६२ ला गो. ह. देशपांडे, १९६७ ला भानुदास कवडे. मध्ये १९६३ ला यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध आले, संरक्षणमंत्री असताना. फक्त अहवाल पाहणाऱ्याच्या तक्त्यातून यशवंतराव गायब होतात.

नवीन_नाशिक

धन्यवाद! जुन्या मालेगावची २००४ ची मतं नव्या दिंडोरी आणि धुळ्यात वाटून दाखवता येतील का? म्हणजे तेव्हाच नव्या सीमा असत्या तर काय झालं असतं, असं.

गिरणा_डावा_कालवा

येतील, पण फक्त २००४ पुरती. कारण सांगतो.

२००४ ची लोकसभा देशभर मतदानयंत्रांवर झाली, म्हणून केंद्रवार मतं फॉर्म २० मध्ये मिळतात. त्याआधी मतपत्रिका होत्या आणि पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मोजायच्या पद्धतीमुळे गावाचा कौल वेगळा निघत नाही. जुन्या वर्षांसाठी विधानसभा विभागापर्यंत गेलात तरी खूप झालं. १९९१ ची गाववार मतं कुणी देत असेल तर ती कशी काढली ते आधी विचारा.

कृती अशी. २००४ चा फॉर्म २० घ्या. संकेतस्थळावर नसेल तर नाशिक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रत २ रुपये पान. अर्जात नेमकं लिहा: 'लोकसभा २००४, मालेगाव मतदारसंघ, नमुना २०, विधानसभा विभागनिहाय सर्व पाने, तसेच मतदान केंद्रांची अंतिम यादी'. केंद्रांची यादी मागायला विसरलात तर फॉर्म २० हातात असून निरुपयोगी, कारण त्यात केंद्राचा नुसता क्रमांक असतो, गावाचं नाव नसतं. 'विश्लेषण करून द्यावे' असं लिहू नका, अर्ज फेटाळायला ते पुरेसं कारण आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

मग केंद्र क्रमांकासमोर गाव, गावासमोर तालुका आणि महसूल मंडळ. २००८ च्या आदेशात अख्खा तालुका एका विधानसभेत असेल तिथे फक्त तालुक्याचं नाव आहे. तालुका फोडलेला असेल तिथे महसूल मंडळं, कुठे तलाठी सजे, आणि शहरात वॉर्ड क्रमांक दिलेत. मालेगाव तालुका असाच फोडलेला. शहराचा बहुतेक भाग 'मध्य'मध्ये, दाभाडी आणि आसपासचा भाग 'बाह्य'मध्ये, आणि तालुक्याचा काही भाग नांदगाव विधानसभेत. म्हणजे मालेगाव तालुक्यातली काही गावं आजही दिंडोरी लोकसभेला मत देतात. सरसकट 'मालेगाव तालुका = धुळे' केलंत तर इथेच चुकाल.

बिघडतं कुठे? टपाली मतं कुठल्याच केंद्राची नसतात. ती विभागाच्या प्रमाणात वाटा किंवा बाजूला ठेवा, पण काय केलं ते तळटीपेत लिहा. दोन-तीन वाड्यांचं मिळून एक केंद्र असतं. पेठ-सुरगाण्यात असे पाडे बरेच, ते सीमेवर नसतील तर काळजी नाही. शहरातले वॉर्ड २००४ चे वेगळे आणि आदेशातले वेगळे असू शकतात, तिथे मतदार यादीच्या भागाचा पत्ता बघावा लागतो. देवळा हा तालुकाच १९९९ चा, १९७६ च्या आदेशात तो शोधू नका. त्यातली गावं जुन्या तालुक्यांच्या नावाखाली आहेत.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा: निफाड, येवल्याकडच्या मतदारांनी २००४ ला मालेगावच्या उमेदवारांना मत दिलेलंच नाही. तिथे पक्षाची मतं धरावी लागतात. चव्हाणांची वैयक्तिक मतं तुम्ही तिथे नेऊ शकत नाही. म्हणून 'नव्या सीमा असत्या तर अमुक जिंकला असता' असं वाक्य न लिहिता 'पक्षनिहाय बेरीज अशी होते' एवढंच लिहा.

कसमादेकर

अर्जाबद्दल एक भर. २००९ आणि पुढच्या निवडणुकांसाठी मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण या तिन्ही विधानसभा नाशिक जिल्ह्यातल्या असल्या तरी लोकसभेचे निवडणूक निर्णय अधिकारी धुळ्याचे जिल्हाधिकारी असतात. लोकसभेच्या निकालाचा अर्ज तिकडे करा. नाशिकला दिलात तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार पाच दिवसांत वर्ग करायला हवा, पण प्रत्यक्षात कागद कुठल्या टेबलावर बसेल सांगता येत नाही. विधानसभेचा निकाल मात्र नाशिककडेच.

उगावकर

आता दिंडोरीचे चार निकाल पाहा, म्हणजे हा मतदारसंघ वेगळा का ते दिसेल.

२००९: चव्हाण (भाजप) २,८१,२५४, नरहरी झिरवाळ (राष्ट्रवादी) २,४३,९०७. फरक ३७,३४७.
२०१४: चव्हाण ५,४२,७८४, डॉ. भारती पवार (राष्ट्रवादी) २,९५,१६५. फरक २,४७,६१९.
२०१९: भारती पवार, आता भाजपकडून, ५,६७,४७०, धनराज महाले (राष्ट्रवादी) ३,६८,६९१. फरक १,९८,७७९.
२०२४: भास्कर भगरे (राष्ट्रवादी, शरद पवार) ५,७७,३३९, भारती पवार ४,६४,१४०. फरक १,१३,१९९.

घराणी जुनीच. धनराज हे हरिभाऊ महाल्यांचे चिरंजीव, भारती पवार या कळवणचे आमदार राहिलेल्या ए. टी. पवारांच्या सूनबाई. पण निकाल फिरवणारा भाग बदलला. जुन्या मालेगावात शहराची मतं पारडं हलवायची, इथे ती जागा कांदा-द्राक्षाच्या पट्ट्याने घेतली. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली, २० मे ला आपल्याकडे मतदान. सोळा दिवसांत लासलगाव-पिंपळगावचा राग निवळेल असं कुणाला वाटलं असेल तर त्याने बाजार समितीत पाऊल टाकलेलं नाही.

माकपचंही विसरू नका. जे. पी. गावित यांना २००९ आणि २०१९ या दोन्ही वेळी लाखाच्या वर मतं आहेत. सुरगाण्याची स्वतंत्र विधानसभा मोडली तरी ती मतं टिकली. २००९ चा फरक ३७ हजार आणि गावितांची मतं लाखाच्या वर, हे शेजारी ठेवून वाचा.

पंचवटी_कारंजा

२०२४ ला 'तुतारी' घेऊन दुसरेच भगरे उभे होते, त्याचं काय?

उगावकर

अपक्ष बाबू भगरे, मतं १,०३,६३२. आडनाव तेच, आणि यादीतलं त्यांचं चिन्हही तुतारीच. पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. प्रचाराचा खर्च नसताना लाखभर मतं घेणं या जिल्ह्यात नेहमीचं नाही. तरी भास्कर भगरे १,१३,१९९ ने आले. ही सगळी मतं चुकून पडली असं धरलं तर खरा फरक दोन लाखांच्या पुढे जातो. पण 'सगळी' असं धरायला पुरावा नाही, तक्त्यात ती अपक्षाचीच राहतील. साताऱ्यात अशाच चिन्हाच्या अपक्षाची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त भरली होती. नंतर आयोगाने ते चिन्ह गोठवलं.

मोसमकाठ

आणि मालेगावची दुसरी बाजू. मतदारसंघ मोडल्यावर २००९ ला निहालभाई धुळ्यातून लोकसभेला उभे राहिले. जागा खुली झाली म्हणूनच ते शक्य झालं. त्यांना सत्तर हजारांहून अधिक मतं पडली. भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसच्या अमरिशभाई पटेलांविरुद्ध १९ हजारांच्या आसपास फरकाने आले. ज्या शहराने महाल्यांना तीनदा दिल्लीला पाठवलं असं म्हणतात, त्याच शहराची मतं फुटल्यावर काँग्रेसला धुळ्यात काय किंमत मोजावी लागली ते इथे दिसतं.

२०२४ ला उलटं. धुळ्यात डॉ. शोभा बच्छाव ५,८३,८६६, डॉ. सुभाष भामरे ५,८०,०३५. फरक फक्त ३,८३१. त्यात एकट्या मालेगाव मध्यमध्ये बच्छाव १,९८,८६९ आणि भामरे ४,५४२, म्हणजे आघाडी १,९४,३२७. वजाबाकी करा: बाकी पाच विभाग आणि टपाली मतं मिळून भामरे १,९०,४९६ ने पुढे होते, तरी पडले. आणि बच्छाव या आपल्या नाशिकच्या माजी महापौर. नाशिकचा उमेदवार, नाशिक जिल्ह्यातल्या एका विधानसभेच्या जोरावर, धुळ्याचा खासदार.

पंचवटी_कारंजा

हे मान्य करायला हरकत नाही. दिंडोरीच्या वर मालेगाव लावलं तर २०२४ चा हा आकडा कुठे ठेवणार, तो प्रश्न राहतोच.

कसमादेकर

म्हणूनच तीन वेगळे तक्ते: मालेगाव १९५७–२००४, दिंडोरी २००९ पासून, धुळे २००९ पासून. धुळ्याचाही जुना तक्ता २००४ ला तोडायचा, कारण तोपर्यंत ती राखीव जागा होती आणि मालेगाव, बागलाण त्यात नव्हते. तिन्ही तक्त्यांना जोडणारा चौथा हवा, विधानसभावार: दाभाडी ते मालेगाव बाह्य, मालेगाव ते मालेगाव मध्य, सुरगाणा आणि कळवण मिळून नवं कळवण. मतदारांचा माग विधानसभेतून लागतो, लोकसभेच्या नावातून नाही.

नवीन_नाशिक

विधानसभावार लावताना आधी कुठली घेऊ?

गिरणा_डावा_कालवा

बागलाण. जवळपास अख्खा सटाणा तालुका, आधीही राखीव, आताही राखीव, सीमेची भानगड सगळ्यात कमी. त्यावर हात बसला की कळवण घ्या, तिथे सुरगाणा मिसळायचा आणि देवळ्याची गावं बाहेर काढायची आहेत. मालेगाव मध्य आणि बाह्य शेवटी, वॉर्डांचा नकाशा मिळाल्याशिवाय हात लावू नका.